सहावी कॅसेट

टेपमधून वाचणाऱ्या बाईंचा आवाज यायला हवा होता. आलं ते लग्नातलं गाणं.

केरू हवालदारांचं बोट अजून बटणावरच होतं. ढोलकी खणखणीत वाजत होती, मागे कोरस होता.  पडवीत बसलेल्या माणसांत कुणीतरी खुदकन हसलं.

"अगो बाई, ही तर आपल्या परशांतच्या लग्नातली!" हवालदारांची बायको राही म्हणाली.

हवालदार हसले नाहीत. त्यांनी सहाव्या कॅसेटची डबी पुन्हा चाचपली. झाकणावरची उठावाची टिंबं बरोबर होती. डबी सहावीच होती, आतली कॅसेट मात्र नव्हती.

डोळ्यांतला दाब वाढून हवालदारांची नजर गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मुरबाड तालुक्यात सगळी नोकरी करून ते टोकावड्याला घरी बसले आणि थोड्याच दिवसांत अंधार झाला. मग मुंबईच्या एका संस्थेकडून टपालानं पुस्तकं यायला लागली. कागदाची नव्हेत, आवाजाची. कॅसेटवर वाचून भरलेल्या कादंबऱ्या. हवालदारांनी मागवल्या त्या सगळ्या रहस्यकथा.

आधी ते एकटेच ऐकत. मग राही दळण निवडायला जवळ बसू लागली. मग नाक्यावरची दुकानवाली जया आली. आणि मग कुंपणाचा कूड बांधायला आलेला गावकुसाबाहेरच्या वाडीतला सावळ्या. हातातलं काम तसंच ठेवून तो पडवीच्या पायरीवर टेकला, तो रोज टेकायला लागला. कधी बायकोला, रंजनालाही घेऊन यायचा.

या वेळची कादंबरी एका डॉक्टरच्या खुनाची होती. पाच कॅसेटी संपल्या तेव्हा पडवीत पैजा लागल्या होत्या. जयाचा संशय कंपाउंडरवर. सावळ्या मान हलवून म्हणाला होता, "गोष्टीत गरिबावर पयला संशव येतो गो, म्हंजे तो नसतोच."

सगळे त्यावर हसले होते. हवालदार सर्वांत मोठ्यानं.

शेवटची कॅसेट रविवारी ऐकायची ठरली होती. आज रविवार होता, आणि ती गेली होती.

"काल घरात कोण होतं?" हवालदारांनी विचारलं. आवाज आपोआप ठाण्यातला झाला.

"आपण दोघं मुरबाडला, तुमची साखर तपासायला," राही म्हणाली. "मेघा कापणीला शेतावर."

"मी होतो, आबा," दारातून प्रशांत म्हणाला. तो कल्याणला एका कंपनीत होता. मेघाचा नवरा, हवालदारांचा एकुलता एक. "आतल्या खोलीत झोपलेलो. पडवीत सावळ्या होता, कूड बांधत. पण जाऊ द्या ना आबा. गरीब माणूस आहे."

खरं तर तोवर कुणीही सावळ्याचं नाव घेतलं नव्हतं.

हवालदारांनी मान वळवली. "सावळ्या."

"जी."

"काल टेपला हात लावलास?"

"नाय हवालदार. मी कशाला लावू?"

"शेवट काय होतो ते ऐकायची तुला घाई झाली होती. परवा म्हणालास, रात्रभर झोप लागली नाय."

"ते समदेच म्हनले."

"गाठोडं कुठंय तुझं?"

 पायरीवर रंजनाच्या बांगड्या किणकिणल्या.

"सोड ते. इथं, सगळ्यांच्या देखत."

गाठ सुटल्याचा आवाज आला. कोयता जमिनीवर ठेवला गेला. भाकरीचं फडकं. मग काहीतरी जड घरंगळत आलं आणि हवालदारांच्या पायाला लागलं. त्यांनी उचललं. टेपचा सेल होता. बुडाला चिकटपट्टी. सेल कुठल्या बाजूनं घालायचा ते बोटाला कळावं म्हणून ही पट्टी ते स्वतः लावत. आणखी तीन तसेच निघाले.

"हे माझ्या टेपमधले सेल तुझ्याकडं कसे?"

"परशांतदादांनी दिलं. काल. म्हनले, तुझ्या बॅटरीला घाल."

"मी?" प्रशांत म्हणाला. "मी कधी दिले रे?"

सावळ्याचा श्वास मोठा झाला. तो म्हणाला, "दादा, तुमी दिलं." 

नोकरदार मुलगा जुन्या सेलांसाठी खोटं का बोलेल? हवालदारांना हा प्रश्न पुरेसा वाटला. "ज्यानं सेल काढले त्यानंच कॅसेट काढली," ते म्हणाले. "उद्या आणून दे. नाय तर पडवीला पाय लावू नकोस."

सावळ्यानं गाठोडं बांधलं. त्याची पावलं निघून गेली, मागून रंजनाची. गाणं तोवर चालूच होतं. कुणीतरी उठून टेप बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत कामावर गेला. हवालदार पडवीत बसले होते. कॅसेट आली नव्हती. सवयीनं त्यांनी टेपचं बटण दाबलं आणि तेच गाणं पुन्हा लागलं. तितकंच खणखणीत.

त्यांचं बोट थबकलं.

पडवीत विजेची सोय नव्हती, टेप सेलवरच चालायचा. आठवडाभर बाईंचा आवाज जड होत चालला होता, शुक्रवारी पाचवी कॅसेट संपता संपता तर ओढल्यासारखा झाला होता. सेल उतरलेत, उद्या मुरबाडहून नवे आणू, असं ते राहीला म्हणाले होते. आणि मुरबाडला दोघंही विसरले होते.

हवालदारांनी टेप उलटा करून मागचं झाकण काढलं. चार सेल. एकाच्याही बुडाला पट्टी नव्हती.

काल, उतरलेले सेल हातात धरून आपण एका माणसाला चोर म्हणत होतो, आणि शेजारी टेप नव्या सेलांवर गात होता. सगळ्यांच्या कानांसमोर. आणि आपण, कानांवर जगणारा माणूस, ते ऐकलं नाही.



"राही, टेपमध्ये सेल तू घातलेस?"

"मला कुठं येतंय ते."

"मेघा, तू?"

"नाही आबा."

काठी घेऊन ते जयाच्या दुकानापर्यंत गेले. रस्ता पायाखालचा होता.

"जया, सेल आहेत का गो?"

"कुठलं सेल, काका! दसऱ्यापासून एक नाय. माल घेऊन गाडीच आली नाय. सावळ्या पन परवा इचारून गेला, त्याची बॅटरी बंद पडलेली."

हवालदार परत फिरले. म्हणजे नवे सेल गावातले नव्हते. बाहेरून आलेले. आणि सावळ्या कूड बांधायला लागल्यापासून गावाबाहेर गेला नव्हता. घरातलं एकच माणूस रोज बाहेर जात होतं.

घरी आल्यावर त्यांनी मेघाला जवळ बोलावलं. "ती लग्नातली कॅसेट कुठं असते?"

"आमच्या कपाटात. साड्यांच्या खाली."

"सावळ्या कधी आत आलाय?"

 "तो उंबऱ्याच्या आत कधीच येत नाही, आबा. पाणीसुद्धा पायरीवरच घेतो. मी किती वेळा म्हटलं, आत ये."

हवालदारांना त्यांच्या बापाची आठवण आली. गावात पितळेची घागर हरवली तर पहिलं बोलावणं त्यांच्या वस्तीला यायचं. एकदा चावडीपुढे बापानं अंगावरचं घोंगडं झटकून दाखवलं होतं, डाव्या बाजूनं एकदा आणि उजव्या बाजूनं एकदा. घागर नंतर सापडली होती घागरवाल्याच्याच विहिरीत. बापाला ते कुणी सांगायलाही आलं नव्हतं. पुढे धर्म बदलला, नोकरी लागली, अंगावर खाकी चढली. खाकी ज्या दिवशी घातली त्या दिवशी केरूला वाटलं होतं, आता आपण कधी कुणाला घोंगडं झटकायला लावणार नाही.

काल लावलं होतं.

त्यांनी ओंजळीत तोंड घेतलं. राहीनं ते पाहिलं आणि तीही समजली.

"घरातलं घरात ठेवा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पोराला समज द्या. सावळ्याला बोलावून गोड बोला. लोकांत कशाला?"

"गाठोडं घरात सोडलं होतं का राही? पडवीत सोडलं होतं."

संध्याकाळी प्रशांत आल्यावर हवालदार म्हणाले, "चपला काढू नको. वाडीवर जायचंय." मेघानं त्यांचा हात धरला. जयाला त्यांनी दुकान बंद करून यायला लावलं. काल जे जे पडवीत होते ते सगळे हवे होते.

सावळ्याच्या झोपडीपुढे सारवलेलं अंगण होतं. अजून उजेड असावा, कारण पोरांचा खेळ चालू होता. माणसं दिसल्यावर तो थांबला.

"हवालदार, कॅसेट माझ्याकडं नाय," आतून सावळ्या म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणूनच आलो." हवालदारांनी काठी जमिनीवर टेकली. "मी सांगतो ते सगळ्यांनी ऐका. चुकलं तर प्रशांत, तू दुरुस्त कर."



"शनिवारी घरात एकटा तू होतास. सहावी कॅसेट काढून तिच्या डबीत तू लग्नातली घातलीस. का? नुसती कॅसेट काढली असतीस तर शनिवारी संध्याकाळीच मला कळलं असतं. मी रोज डब्या हलवून बघतो, रिकामी वाजत नाही. आणि त्या वेळी सावळ्या घरी गेलेला असता, घरात तूच असतास. तुला बोभाटा रविवारी हवा होता, सगळे असताना, सावळ्या समोर असताना. साड्यांखालची कॅसेट पायरीवरच्या माणसाला कशी मिळेल, हे मी काल विचारायला हवं होतं."

"आबा…"

"थांब. टेपचे सेल उतरलेले होते. तसाच ठेवला असता तर रविवारी टेप लागलाच नसता. म्हणून शुक्रवारी कल्याणहून येताना तू नवे आणलेस. आणि जुने फेकले नाहीस, सावळ्याला दिलेस. माझी पट्टी लावलेले. त्याला बॅटरीला सेल हवेच होते. तो आनंदानं गाठोड्यात घालणार, हे तुला माहीत होतं. मग तू दारात उभा राहून म्हणालास, जाऊ द्या, गरीब माणूस आहे. नाव कुणीच घेतलं नव्हतं, प्रशांत. ते पहिल्यांदा तुझ्या तोंडून आलं."



"कॅसेट कुठं आहे?"

"ऑफिसात. ड्रॉवरमध्ये." प्रशांतचा आवाज बसला होता.

"का केलंस?"

 प्रशांत एकदम बोलू लागला. "दसऱ्याला माझे साहेब घरी आले होते, आबा. पडवीत ही सगळी पाय पसरून बसलेली. साहेबांनी मला विचारलं, तुमचे नातेवाईक का? मला लाज वाटली. आपण कुठून वर आलो, आणि तुम्ही पुन्हा… मला फक्त ही बैठक मोडायची होती."

"त्यासाठी माणसाला चोर केलंस."

"मी नाही केलं!" प्रशांत ओरडला. "मी कॅसेट बदलली. चोर तुम्ही म्हणालात. गाठोडं तुम्ही सोडायला लावलंत."



हवालदारांनी मान डोलावली. "बरोबर. गुन्ह्यातली निम्मी करामत तुझी, निम्मी माझी. तुला पुरावा लागतच नव्हता. तुला माहीत होतं, आबा कुणाकडे मान वळवतील. तू माझ्यावर भरवसा ठेवलास आणि मी तो खरा केला."

त्यांनी काठी मेघाच्या हातात दिली आणि सावळ्याच्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "सावळ्या, माझं चुकलं. रंजना, तुझ्यासमोर चुकलं. मला माफ करा."

प्रशांतही पुढे झाला असावा. कुणीतरी हुंदका दिला, तो त्याचा होता.

 बोलली ती रंजना.

"तुमी आलात, ऐकलं," ती म्हणाली. "पन ह्यो आज सकाळी दुसऱ्याच्या मळ्यात भात झोडायला गेला. सांजच्याला निघताना मालकानं त्याला बांधावर गाठोडं सोडायला लावलं. म्हनला, हवालदारानं सोडलं, तर आमी का नको? आता तुमची माफी मी कुठं कुठं दाखवू?"

 उभ्या आयुष्यात हवालदारांनी कितीतरी माणसांना उत्तरासाठी उभं केलं होतं. आज त्या अंगणात ते स्वतः उभे होते, आणि खाली घालायला मान उरली नव्हती.

"उद्या किती वाजता निघतोस कामाला?" अखेर त्यांनी विचारलं.

"उजाडल्यावर."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते वाडीच्या तोंडाशी उभे होते. मेघा सोडायला आली होती, तिला त्यांनी परत पाठवलं. सावळ्या जवळ येऊन थांबला. हवालदारांनी हात पुढे केला. सावळ्यानं तो धरला नाही, पण खांदा पुढे केला. खांदा ताठ होता, वाटभर ताठच राहिला. 

मळ्याचं फाटक आलं. आत भात झोडल्याचा आवाज येत होता. हवालदारांनी सावळ्याच्या खांद्यावरचा हात काढला, सदरा नीट केला आणि ठाण्यात साहेबापुढे उभे राहत तसे ताठ उभे राहिले.

"कोण हाय?" आतून मालकानं विचारलं.

"मी केरू हवालदार. परवा मी या माणसाला चोर ठरवलं. ते खोटं होतं. कॅसेट माझ्या घरच्यांनी घेतली होती. तुमच्याकडची सगळी माणसं बाहेर बोलवा. मला सगळ्यांसमोर सांगायचंय."

मालक बाहेर आला. झोडणी थांबली. हवालदारांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, मुलाचं नावही गाळलं नाही. मग त्यांनी विचारलं, पुढचा मळा कुणाचा?