मोकळं?

लिफ्टचा मिस्त्री, आणि चार जिने चढून येतो! दवाखान्याच्या शिपायाने पहिल्याच दिवशी थट्टा केली होती. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे त्याला कोणी सांगावं? त्या दुपारीही मिस्त्री धापा टाकतच मानसोपचाराच्या बाईंसमोर येऊन बसला.

धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली काम शिकला होता. खाली लिफ्टच्या खड्ड्यात धाकटा, वर यंत्राच्या खोलीत हा. लिफ्ट सोडण्याआधी वरच्याने विचारायचं, "मोकळं?" खालचा खड्ड्यातून बाहेर पडला की ओरडायचा, "मोकळं!" त्या दिवशी उत्तर आलं, म्हणून याने लिफ्ट सोडली. धाकटा खड्ड्यातच होता.

"बाई, आवाज त्याचाच होता हो."

"मनाने तो नंतर घडवलाही असेल. जखमी मन असं करतं. पाय जमिनीवर टेका. सावकाश श्वास घ्या... आता पुन्हा सांगा."

बाईंच्या हाताला गुण होता. आधी लिफ्टसमोर नुसतं उभं राहणं, मग दाराला हात लावणं, असं करत मिस्त्रीची झोप परतली होती. धाकटा गेल्यापासूनचा आईचा अबोला तेवढा सुटला नव्हता. आज लिफ्टने उतरायचं आणि तडक तिच्यापुढे जाऊन बसायचं, असं त्याने ठरवलं होतं. तेवढ्या एका आशेवर तो जगत होता.

सगळं सांगून, पोटभर रडून तो बाहेर आला. बाई सोबत होत्या. लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबलेली. जाळीच्या दारामागे काळोख, आणि खालून येणारा जुन्या ग्रीसचा वास. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. तो जाळीला डोकं टेकून खाली बघत राहिला.

त्याच्या पाठीमागून बाईंनी बटणावर बोट ठेवलं. हळूच विचारलं, "झालं ना मन मोकळं?"

त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

"मोकळं!"

"शाब्बास!" म्हणत बाईंनी बटण दाबलं.

"बाई... मी नाही बोललो..."

लिफ्ट वरून घरघरत आली. त्यांच्या मजल्यावर थांबली नाही, तशीच खाली गेली.

"दादा, थांब... मी अजून आतच आहे..."

बाईंनी दचकून मिस्त्रीकडे पाहिलं. तो आता त्यांच्याकडे वळला होता, आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.