कारण: इतर

खरं प्रेम पहिल्या नजरेतच ओळखू येतं, याबद्दल आजवर कोणाही शहाण्या माणसाचं दुमत झालेलं नाही. तिला मात्र पहिल्या नजरेत काहीच दिसलं नाही. बाहेर बोचरी थंडी होती, दुकानात ऊब होती, आणि दारातून आत पाऊल टाकताक्षणी तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर वाफ धरली. त्या वाफेपलीकडे एक करडा ठिपका होता. ठिपका म्हणाला, "वस्तू काय आहे?"

चार मजली दुकानाच्या तळमजल्यावर, मागच्या दाराला लागून 'माल परती'ची खिडकी होती. दर्शनी दारातून लोक हसत आत येत आणि मागच्या दारातून तोंड पाडून.

"दाढीचा संच," ती म्हणाली आणि मफलरच्या टोकानं चष्मा पुसू लागली.

"परत करण्याचं कारण?"

"दाढी."

"म्हणजे?"

"दादानं दाढी ठेवलीय. काल फोटो आला."

त्यानं समोरचा फॉर्म पाहिला. छापील कारणं पाच होती: लहान, मोठा, रंग, सदोष आणि इतर. "दाढी इतरमध्ये बसेल," तो विचार करून म्हणाला. "पण इतरवर खूण केली की तपशील द्यावा लागतो. तसा नियम आहे." आणि मोत्यासारख्या अक्षरात त्यानं लिहिलं: इतर — भावाची दाढी.

एवढ्यात तिनं चष्मा चढवला. करड्या ठिपक्याचा तिशीतला माणूस झाला. करडा कोट, कानावर पेन्सिल, कोटाच्या वरच्या खिशात लाल चिठ्ठ्यांचा जुडगा. कान जरासे मोठे होते, पण त्याच्या धंद्याला ते शोभत होते. दिवसभर ऐकायचंच काम.

"भाऊ लांब असतात वाटतं?" त्यानं विचारलं.

"समुद्रापलीकडे. फौजेत."

तिचा दादा फौजेत ट्रकची इंजिनं दुरुस्त करत असे. दोन वर्षं झाली, तो वाळवंटातल्या एका छावणीत होता आणि घरी फिरकला नव्हता. वर्षअखेरीच्या सुट्टीसाठी फौजेच्या टपालातून पार्सल पाठवता येई. वजन दोन किलोपर्यंत, आणि दहा तारखेच्या आत दिलं तरच वेळेवर पोचणार. पहिल्या वर्षी तिनं दोन देशांची वेळ एकदम दाखवणारं घड्याळ पाठवलं. 'छान आहे,' असं उत्तर आलं. दुसऱ्या वर्षी लोकरीचे हातमोजे पाठवले. 'फार छान आहेत,' असं उत्तर आलं. नंतर छावणीतून एक फोटो आला, त्यात त्यातला एक मोजा ट्रकच्या गिअरच्या दांड्यावर चढवलेला होता. दुसरा कुठे होता ते फोटोत दिसत नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण यंदा दादाची मुदत संपत होती. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत त्यानं आणखी तीन वर्षांच्या कागदांवर सही करायची होती, किंवा घरी यायचं होतं. फोनवर विचारलं की तो म्हणे, "बघू." तीन वेळा विचारलं, तीन वेळा 'बघू'. 'घरी ये' असं त्याला कोणी म्हणत नव्हतं. त्यांच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. जे काही म्हणायचं ते दोन किलोत बसवायचं होतं.

दोन दिवसांनी ती जाड पायमोजे घेऊन खिडकीशी आली. कारण: वाळवंट. मग पत्त्यांचा चामडी डबा. कारण: दादाला हरलेलं सोसत नाही. चौथ्या खेपेला त्यानं पेन्सिल कानावर ठेवली.

"एक सुचवू? घेण्याआधी मला विचारत जा. तुमची एक फेरी वाचेल, माझा एक फॉर्म वाचेल."

"तुम्हांला हो काय कळतं भेटवस्तूंमधलं?"

"भेटवस्तू देताना कोणी खरं बोलत नाही. घेतानाही नाही. खरं बोलतात ते या खिडकीत." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "माझी जेवणाची सुट्टी आहे. चाळीस मिनिटं. चला, दाखवतो."

मग ती दोघं मजल्यामागून मजले फिरली. तो खिशात हात घालून पुढे, ती मफलर सावरत मागे. तिनं एखादी वस्तू उचलायची आणि त्यानं निकाल द्यायचा.

"पाकीट?"

"परत."

"सुगंधी साबण?"

"परत. नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला."

"ही बुद्धिबळाची पेटी तरी?"

"दोन जानेवारी. सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान."

"तुम्ही ना, लग्नाच्या वाढदिवसालाही बायकोला असंच सांगत असाल."

"बायको नाही," तो म्हणाला. मग एका फुलदाणीकडे टक लावून बघत पुढे म्हणाला, "म्हणजे... परत गेलेली नाही. मुळात आलीच नाही."

ती हसली. जिन्याच्या कठड्यावर दोघांचे हात एकाच वेळी टेकले आणि दोघांनीही एकदमच काढून घेतले. दुसऱ्या मजल्यावर एवढंच घडलं. तिसऱ्या मजल्यावर पलंग होते, तो मजला त्यांनी भराभर पार केला.

खाली आल्यावर तिचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळंच परत येतं. आज आठ तारीख."

"सगळं नाही... वापरलेलं आम्ही घेत नाही, त्यामुळे ते येत नाही. आणि सदोष एकदाच येतं, दुरुस्त होऊन गेलं की पुन्हा येत नाही." त्यानं खिशातल्या लाल चिठ्ठ्या थोपटल्या. "बिघडलेली वस्तू आली की मी तिला ही चिठ्ठी बांधतो आणि वर दुरुस्तीवाल्याकडे पाठवतो. त्या माणसाला मी दहा वर्षं बघतोय. वाढदिवसाला आम्ही त्याला नवा कोरा रेडिओ दिला, त्यानं झाकण काढूनसुद्धा पाहिलं नाही. पण धूर येणारी इस्त्री पाठवली, तर दिवसभर शीळ घालतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ की त्यानं नकळत कोटाची गुंडी लावली.

"माझ्या चेहऱ्याला काही लागलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "मला घरी जायचंय."

घरी बाबा होते. बाबांनी पाणीखात्यात बत्तीस वर्षं काढली होती, गावभरचे व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत. निवृत्तीनंतरही घरातला प्रत्येक नळ ते जाता-येता पिळून बघत. दादा गेल्यापासून घरात जे जे बिघडलं त्याबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "दादा आला की बघेल." या वाक्याच्या आधारावर घरात बिघडलेल्या वस्तूंचं छानसं संग्रहालय उभं राहिलं होतं.

तिनं ते टेबलावर मांडलं. गजराचं घड्याळ. टॉर्च. बाबांचा हातातला रेडिओ. तिच्या सायकलची घंटी. वजन एक किलो नऊशे ग्रॅम.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "फौजेला भंगार पाठवतेस?"

"दादाला पाठवतेय."

बाबांनी रेडिओ उचलून पाहिला. "वॉशिंग मशीन नाही मावणार?"

"बाबा, दोन किलो."

"आठ महिने झाले बंद पडून. त्याला कळायला तरी हवं," बाबा म्हणाले, आणि नळ तपासायला निघून गेले.

नऊ तारखेला ती पिशवी घेऊन खिडकीशी आली. पिशवीत डोकावून त्यानं काही विचारलं नाही. नुसता लाल चिठ्ठ्यांचा जुडगा बाहेर काढला. मागे दोन माणसं रांगेत होती, त्यांना त्यानं "सदोष मालाची नोंद चाललीय" असं सांगितलं. ते खोटं नव्हतंच.

"घड्याळ. दोष?"

"चार वीसला थांबतं. पुढे जायलाच तयार नाही."

"टॉर्च?"

"थोबाडीत मारल्याशिवाय लागत नाही."

"रेडिओ?"

"फक्त हवामान सांगतो. तेही भलतंच."

"घंटी?"

"वाजत नाही. मला रस्त्यात ओरडत जावं लागतं."

हे सगळं त्यानं जसंच्या तसं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधताना गाठीवर बोट धरायला कोणी तरी लागतं. तिनं धरलं. चार गाठी व्हायला वास्तविक दोन मिनिटं पुरली असती. रांगेतला मागचा माणूस कंटाळून निघून गेला. पाचवी चिठ्ठी तिनं स्वतः लिहिली आणि त्याच्याकडे सरकवली. कशालाही न बांधलेली. 'वॉशिंग मशीन. दोष: पार्सलमध्ये मावत नाही.'

त्यानं ती वाचली, नीट घडी केली आणि घड्याळाच्या खाली ठेवली. "हे परत येणार नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच.

दहा तारखेला पार्सल गेलं. टपालातल्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचून "सगळं बिघडलेलंच?" असं विचारलं, आणि हिनं "हो, निवडून घेतलंय" असं सांगितलं.

आणि मग तिच्या ध्यानात आलं की आता परत करायला आपल्याकडे काहीच उरलेलं नाही. एक दिवस मागच्या दारापर्यंत जाऊन आली. चष्म्यावर वाफ धरली, ती पुसेपर्यंत धीर गेला. नुसतं भेटायला जाण्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी, दुपारच्या वेळी, तिच्या चष्म्याच्या दुकानाचं दार उघडलं. ती तिथे डोळे तपासायचं काम करत असे, आणि परतीच्या फॉर्मवर पत्ता तिनं तिथलाच दिला होता. दारात करडा कोट उभा होता, आणि त्याच्या कानावर पेन्सिल तशीच होती.

"डोळे तपासायचे होते."

तिनं त्याला अंधाऱ्या खोलीतल्या खुर्चीवर बसवलं, नाकावर चाचणीची जड चौकट चढवली. त्या चौकटीत जगातला कोणताही माणूस देखणा दिसत नाही. तो बरा दिसला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"शेवटची ओळ वाचा."

त्यानं वाचली. त्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

तिनं एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "ही बरी की ही?"

"दोन्ही बऱ्या."

"असं चालत नाही. ही... की ही?"

"तुम्ही जरा जवळ उभ्या असता तेव्हाची."

तिनं चौकट उतरवली. ती टेबलावर ठेवली. "तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही," ती शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाली. मग कार्ड पुढे ओढून पेन उघडलं. "येण्याचं कारण?"

तो खिडकीच्या या बाजूला आयुष्यात प्रथमच आला होता. "इतर," तो म्हणाला.

"इतरला तपशील लागतो. तसा नियम आहे."

बाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं, चांगली चालणारी.

"तुम्ही," तो म्हणाला. "तपशील... तुम्ही. गेले पंधरा दिवस माझ्या खिडकीत लोक खरं बोलतायत आणि मी ऐकतच नाहीये. काल एका आजींची इस्त्री 'लहान' म्हणून नोंदवली. आता काय ते तुम्ही ठरवा."

तिनं कार्डावर तपशील लिहिला. पूर्ण लिहिला. मग विचारलं, "चौदा दिवसांत परत करण्याची सोय आहे का?"

"पंधरा झालेत," तो म्हणाला. "मुदत गेली."

दादाचा फोन सुट्टीतल्या एका सकाळी आला. मागे बरीच माणसं बोलत होती.

"चष्मिस, घड्याळ चालू झालं. आत मेलेली मुंगी होती. घंटीही झाली. रेडिओला वेळ लागला, पण आता अख्ख्या छावणीला हवामान कळतं. इथं लोक रांग लावून बसलेत, आपापल्या घरनं काय काय बिघडलेलं मागवता येईल विचारतायत." तो थांबला. "ते मशीनचं काय आहे नक्की?"

"नुसतं गुरगुरतं आणि थांबतं."

"मेकॅनिक बोलावला नाही?"

"बाबा म्हणतात, दादा आला की बघेल."

फोनमध्ये खरखर झाली. ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती. बाबा वर्तमानपत्राचं एकच पान केव्हापासून वाचत होते.

"कोणाला हात लावू देऊ नका," दादा म्हणाला. "कोणीही येऊन काही तरी उघडून ठेवतं. पुढच्या महिन्यात मी येतोच आहे. बघतो."

"आणि कागद?"

"कसले? ते... नाही केली सही. तीन वर्षं मशीन असं ठेवतात का कुठे?"

पुढच्या महिन्यात दादा आला. दाढी फोटोतल्यापेक्षा मोठी होती आणि बॅगेत दुरुस्त केलेलं घड्याळ टिकटिकत होतं. करडा कोट तेव्हा घरीच होता, पहिल्यांदाच कोटाशिवाय. दादानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाबांना विचारलं, "हे कोण?"

"माल परती," बाबा म्हणाले.

"आपल्याकडे? काय कारण?"

"इतर," ती म्हणाली, आणि दादाला पुढचं काही विचारावं लागलं नाही, कारण तपशिलाचे मोठे कान लाल झाले होते.

"बस," दादा त्याला म्हणाला. "पकड येते धरता? मग ये इकडे."

दोघांनी मिळून मशीन पुढे ओढलं. सहा स्क्रू काढले, पाठ उघडली, तारा तपासल्या, मोटर फिरवून पाहिली. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं धरायचं. चाळीस मिनिटांत त्यांची इतकी गट्टी जमली की ती कोपऱ्यात उभी राहून आपल्या सुखाकडे चष्मा पुसपुसून बघत होती. बाबा दारात उभे होते आणि छताकडे पाहत होते.

मग दादानं मशीनच्या मागे, भिंतीपाशी हात घातला आणि तो तसाच थांबला.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. मागचा नळ बंद होता, घट्ट पिळून.