रिकाम्या जीपचं वजन

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर तिच्यात अमावास्या घातली असती, कुत्री रडवली असती आणि मोहनरावांना माळावरून एकटंच चालायला लावलं असतं. यातलं काहीच झालं नाही. जे झालं ते भर उन्हात झालं. १९९७ सालचा जानेवारी, इंदापूर–बारामती रस्ता, मागंपुढं उसाच्या गाड्या.

मोहनराव काटेवाडीचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, वांगी आणि काकडी आली. पण घ्यायच्या जनावराकडं बघायची नजर काही गेली नाही. मोहनराव दुकानात छत्री घ्यायला गेले तरी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

जीप घ्यायचं कारण एकच होतं. सून, योगिनी.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवसाउजेडी कळा सुरू झाल्या. वस्तीवरून बारामती दहा-बारा किलोमीटर. वाहन मिळेना. मिळालं तेव्हा उशीर झाला होता.

बाळ गेलं.

आता तिला पुन्हा आठवा महिना लागला होता. मोहनरावांनी मुलाला, अविराजला, सांगून टाकलं.

"औंदा वाहन दारात पायजे. गाडी जुनी असली तरी चालंल. बाळ तेवढं धडधाकट यायला पायजे."

इंदापुरात दादासो नावाच्या माणसाची जीप विकायची होती. ती वडापची जीप. वडाप म्हणजे शिटा भरल्याशिवाय न हलणारं आणि भरल्यावर न थांबणारं वाहन. पाहणीला बापलेक गेले आणि बरोबर सिद्धू मेकॅनिकला नेलं.

सिद्धूनं आधी बोनेटवर तळहात ठेवला. विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवतो, म्हणजे थंड इंजिनाची कुरकुर कुणाला ऐकू येत नाही. बोनेट गार होतं. मीटरवर सत्तावीस हजार होते. सिद्धूनं क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. ते झिजून पापडासारखं झालं होतं. एवढ्या किलोमीटरात असं रबर झिजत नाही, मीटर दोनदा शून्यावर येऊन परत निघालंय, असं तो म्हणाला.

दादासो लाजला नाही. तीनदा, म्हणाला.

मग इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं, धूर बघितला. स्टेअरिंग हलवून बघितलं. सिद्धू खाली निजला आणि सांगाड्याला कुठं जोड दिलाय का ते चाचपून आला. चासी नंबर कागदाखाली धरून पेन्सिलीनं घासला, तो पुस्तकाशी जुळला. जीप म्हातारी होती, पण प्रामाणिक होती.

फक्त मागून बघितलं की...

ती डावीकडं कलली होती. थोडीशीच. कुशीवर वळलेल्या माणसासारखी.

सिद्धू म्हणाला की स्प्रिंगचा पाटा बसलाय, वडापवाले तिकडंच माणसं कोंबतात. नवा टाकला की झालं.

सगळ्यांचं तपासून झाल्यावर मोहनरावांनी स्वतःची तपासणी काढली. मेंढीच्या सौद्यात एक रीत असते. विकणारा मेंढीच्या पाठीवर भंडारा टाकतो आणि पोटात जे असेल तेही तुमचं, असं देवाच्या साक्षीनं म्हणतो. मेंढी मागाहून गाभण निघाली तर कोकरावरून भांडण नको. मोहनरावांनी खिशातली भंडाऱ्याची पुडी काढून दादासोपुढं धरली.

"आबा, जीप काय व्याणार हाय का?" सिद्धू म्हणाला.

अविराज हसला. पानाच्या टपरीवरची माणसं हसली.

दादासो हसला नाही.

तो जीपच्या मागच्या बाजूकडं बघत राहिला. मग त्यानं चिमूटभर भंडारा घेतला, बोनेटवर टाकला आणि हळू आवाजात म्हणाला,

"पोटात जे असंल ते समदं तुमचं, मोहनराव. बिरदेवाच्या साक्षीनं."

एवढं म्हणून त्यानं श्वास सोडला. डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर माणूस सोडतो तसा. मोहनरावांना वाटलं, सौदा गोड झाला.

जीप दारात आली. योगिनीनं चाकांवर पाणी घातलं. मोहनरावांच्या मंडळी बनाबाई यांनी नारळ फोडला.

दुसऱ्याच दिवशी सिद्धूनं नवा पाटा टाकला. जीप सरळ झाली.

सकाळी बघितलं तर... पुन्हा डावीकडं.

सिद्धूनं पाटा बदलून दुसरा टाकला. तोही बसला. लोखंडाला आजकाल दम राहिला नाही, असं तो म्हणाला. पण त्यानं पैसे घेतले नाहीत, आणि सिद्धू पैसे घेत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे, एवढं मोहनरावांना कळत होतं.

मग लहानसहान गोष्टी दिसू लागल्या.

रस्त्याची धूळ जीपभर बसायची. मागच्या दोन्ही बाकड्यांवर बोटानं नाव लिहावं एवढी. पण डाव्या बाकड्याच्या टोकाला एका जागी बसायची नाही. तिथं माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ.

ब्रेक दाबला की मागून बांगड्या वाजायच्या.

किण... किण...

अविराज म्हणाला, नट सैल असंल. मोहनराव म्हणाले, असंल. दोघांनी मागं वळून बघितलं नाही.

एका दुपारी मोहनरावांनी जीप कारखान्यावर न्यायला लावली. उसाच्या वजनकाट्यावर बसणारा आप्पा त्यांच्या ओळखीचा. मोहनराव त्याला म्हणाले की जीप तेवढी जोखून दे. दोन बैलगाड्यांच्या मध्ये आप्पानं जीप काट्यावर घेतली. बापलेक खाली उतरले. स्टेपनी, जॅक, पान्हे, पाण्याचा कॅन, सगळं खाली काढलं.

पुस्तकात रिकाम्या जीपचं वजन बाराशे पन्नास किलो होतं.

काट्यावर लाल आकडे आले. तेराशे दहा.

आप्पानं काटा शून्यावर आणून पुन्हा लावला. तेराशे दहा.

"साठ किलो जादा हाय, मोहनराव. काय राहिलंय आत?"

आत काहीच राहिलं नव्हतं. मोहनरावांनी स्वतः वाकून बघितलं. दोन बाकडी आणि मधली मोकळी जागा.

तेवढ्यात डाव्या बाजूचा पाटा कुरकुरला. जीप सावकाश सरळ झाली. जवळ कुणी नव्हतं.

काट्यावरचे आकडे हलले.

बाराशे पन्नास.

जुंपलेले बैल मागं सरले. गाडीवान त्यांना शिव्या देऊ लागला. आप्पा आकड्यांकडं बघत होता, मोहनराव जीपच्या मागच्या पायरीकडं. 

मग पाटा पुन्हा कुरकुरला.

तेराशे दहा.

कुणीतरी उतरून, पाय मोकळे करून, परत जागेवर बसलं होतं.

आप्पानं वजनाची चिठ्ठी दिली नाही. जीप घिऊन जावा, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोहनराव एसटीनं इंदापूरला गेले. त्यांना बघून दादासोनं हातातला चहा खाली ठेवला. काय झालं म्हणून विचारलंच नाही.

"श्रावणात एक बाई आली," तो म्हणाला. "दिवस भरल्याली. एकटीच. बारामतीला दवाखान्यात जायचं म्हणाली. मी म्हणलं बसा, शिटा भरल्या की निघू."

"मग?"

"दोन शिटा भरंनात. तास गेला, दीड तास गेला. ती दोनदा म्हणाली, भाऊ, चला की." दादासो थांबला. "तिसऱ्यांदा म्हणाली न्हाय."

"नाव काय तिचं?"

"शिटाला कोण नाव इचारतंय, मोहनराव."

मोहनरावांनी दादासोला त्याचा देवाच्या साक्षीचा शब्द परत घ्यायला सांगितलं. विनवलं. दादासो म्हणाला, भंडारा मी न्हाय मागितला. ते खरंच होतं.

परत येताना मोहनरावांनी तीन गोष्टी ठरवल्या. योगिनीला त्या जीपमध्ये बसू द्यायचं नाही. बाळंतपणाला सांगवीच्या पाहुण्यांचा टेम्पो सांगून ठेवायचा. आणि जीप विकून टाकायची. शेवटी मोहनरावही माणूसच. मेंढ्या न पाळणारं, म्हणजे भंडाऱ्याची खोच न ओळखणारं, गिऱ्हाईक कुठं मिळेल, याचा विचार त्यांनी काटेवाडी येईपर्यंत केला.

गिऱ्हाईक काही मिळालं नाही.

फेब्रुवारीत, दिवस भरायला दोन आठवडे असताना, भर दुपारी योगिनी ओट्यावरून उठली आणि भिंतीला धरून खाली बसली.

बनाबाई कोऱ्हाळ्याला भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. सांगवीचा टेम्पो भाजी घेऊन पुण्याला. अविराजनं बापाकडं बघितलं.

दारात जीप उभी होती. डावीकडं कललेली.

 दोन वर्षांपूर्वीची दुपार मोहनरावांच्या डोळ्यांसमोर होती. मग ते जीपमागं गेले, आणि त्या रिकाम्या बाकड्यासमोर त्यांनी हात जोडले.

"बाई," ते म्हणाले, "आज कुणाचीच वाट बघायची न्हाय. लगीच निघायचं."

योगिनीला उजव्या बाकड्यावर निजवलं. मोहनराव खाली पत्र्यावर बसले. सुनेचा हात धरायला बाईमाणूस नव्हतं, आणि सासऱ्यानं तो कसा धरावा, हे त्यांना सुचेना.

अविराजनं चावी फिरवली, जीप पळू लागली. कळ आली की योगिनी ओठ दाबून धरायची. पुलाच्या चढावर मोठी कळ आली. तिनं डोळे मिटूनच आधारासाठी हात पुढं केला...

डाव्या बाकड्याकडं.

हात खाली आला नाही.

तो मधल्या मध्ये तसाच राहिला. बोटं एकमेकांवर दाबली गेली होती. पेरं पांढरी पडली होती. कुणीतरी घट्ट धरल्यावर होतात तशी.

बांगड्या वाजल्या. योगिनीचा हात तर जागचा हलत नव्हता.

मोहनरावांनी मान खाली घातली आणि दवाखाना येईपर्यंत वर केली नाही.

बारामतीत सिस्टरनं योगिनीला धरून आत नेलं. अविराज कागद करायला गेला. मोहनराव बाहेर जीपजवळ उभे राहिले. आणि त्यांच्या लक्षात आलं...

जीप सरळ उभी होती.

त्यांनी डाव्या बाकड्यावर हात ठेवला. बाकडं कोमट होतं.

ते जीपच्या मागच्या पायरीवर बसले. उतरली, म्हणाले. ज्या दवाखान्यासाठी निघाली होती तिथं येऊन उतरली. त्यांना हसूही आलं आणि रडूही.

तासाभरानं सिस्टर दारात आली. मुलगी झाली, म्हणाली. दोघी बऱ्या आहेत. मोहनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हात जोडले.

"आणि त्या दुसऱ्या बाईचं नाव काय?" सिस्टरनं विचारलं. "कागदावर घ्यायचंय."

"दुसरी कोण न्हाय आमच्यासंगं."

"असं कसं? तुमच्याच जीपमधनं उतरली की. मागनं चालत आली, पोट धरून. सुनेच्या शेजारच्या खाटेवर घेतलीय तिला."

मोहनराव आत गेले.

शेजारची खाट रिकामी होती. चादर मध्ये दबलेली होती आणि पायाकडं ओली होती. सिस्टर म्हणाली, मी गरम पाणी आणायला गेले तेव्हा दोघीही कण्हत होत्या. परत आले तर बाळ रडत होतं.

योगिनी जागी होती. चेहरा उतरलेला, पण शांत.

"ती गेली, आबा," ती म्हणाली.

"काय बोलली का?"

"म्हणाली, माझं हितंच राहू दे तुमच्यापाशी. मी जाते आता पायी."

मोहनरावांनी पाळण्यात बघितलं. पाळण्याखाली बघितलं. दोन्ही खाटांच्या पांघरुणांखाली हात फिरवून बघितला.

बाळ एकच होतं.

पोर गुणाची निघाली. गोरी, हसरी, सगळ्यांची लाडकी. बनाबाई म्हणतात नाक आमच्याकडचं आहे. मोहनराव मान हलवतात.

ते बाळ कुणाचं, हे त्यांनी योगिनीला आजवर विचारलेलं नाही. तिनंही कधी सांगितलेलं नाही.