न पोचलेली ओ

"मे महिन्यातच करून टाकू. चेतनाला सुट्टी आहेच," तिचा नवरा किरण म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळपासून एकच चर्चा चालली होती. चेतनाच्या सासूबाईंचे, रत्नप्रभाबाईंचे, दोन्ही गुडघे गेले होते आणि उजव्याचं ऑपरेशन आता टाळता येण्यासारखं नव्हतं. त्यासाठी नणंद मानसी मुद्दाम बोरिवलीहून आली होती. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना कुणीतरी चोवीस तास जवळ हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते कुणीतरी कोण, हे चेतना ओट्यापाशी चहा गाळत होती तेवढ्यात ठरूनही गेलं होतं.

चेतनाच्या पर्समध्ये आदल्याच दिवशी मिळालेला एक कागद होता. घशाच्या डॉक्टरांनी तिच्या स्वरयंत्रावर दोन गाठी असल्याचं लिहून खाली ठळक अक्षरांत बजावलं होतं... सहा आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही.

ती महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवत होती. शिक्षक कमी पडले म्हणून जूनपासून दोन तुकड्या एकत्र केल्या होत्या, आणि रस्त्याकडेच्या त्या वर्गात चौपन्न मुलांपुढे, बाहेरच्या हॉर्नच्या वर आवाज चढवून ती रोज पाच तास बोलत होती. दिवाळीत पहिल्यांदा घसा बसला. मग तो बसलेलाच राहिला. खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध... सगळं झालं. "दोन दिवस रजा घेते," असं ती जेव्हा जेव्हा म्हणायची तेव्हा तेव्हा काहीतरी आडवं यायचं. कधी मूल्यमापन, कधी पोषण आहाराची तपासणी, कधी ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख. आणि ती रजेवर गेली की तिची चौपन्न मुलं शेजारच्या वर्गातल्या पन्नास मुलांत नेऊन बसवायची, एवढाच उपाय शाळेकडे होता. त्या शेजारच्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, की चेतनाचा रजेचा अर्ज लिहिण्याआधीच फाटायचा.

चहाचा ट्रे ठेवताना ती हळूच म्हणाली, "मला जरा घशाचं दाखवायचं होतं... डॉक्टर म्हणाले, मेमध्ये थोडी विश्रांती..."

"अगं वहिनी, घरातच तर असणारेस तू," मानसी हसत म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "आम्हाला वर्षाला मोजून पंधरा सुट्ट्या. तुमची मजा आहे बाबा. दिवाळी, नाताळ, मे... सरकारचे जावई तुम्ही."

सगळे हसले. रत्नप्रभाबाईही हसल्या. त्या हसण्यात चेतनाचं उरलेलं वाक्य कुठे विरून गेलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिची प्रत्येक मेची सुट्टी अशीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेली होती. एका वर्षी मानसीचं बाळंतपण, एका वर्षी सासऱ्यांचं शेवटचं आजारपण. तिची स्वतःची आई कुडाळला अंथरुणाला खिळली ती मात्र फेब्रुवारीत... आणि फेब्रुवारीत चेतनाला निवडणुकीच्या कामाचा आदेश होता. ती पोचली तेव्हा आईला नेऊन चार तास झाले होते. त्याबद्दल ती कधी कुणाला बोलली नव्हती. बोलून काय होणार होतं?

मेच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात मतदार याद्यांच्या कामाचा आदेशही आला. भर उन्हात असल्फ्याच्या टेकडीवरच्या वस्तीत दारोदार जायचं, कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण वारलं ते विचारायचं, फॉर्मवर सह्या घ्यायच्या. पहाटे उठून स्वयंपाक, सासूबाईंची आंघोळ, औषधं, व्यायाम. मग बारावीत गेलेल्या लेकीला, दिशाला, आजीजवळ बसवून दहा ते एक टेकडीवर. दिशाचा क्लास दीडला असायचा, म्हणून धावतपळत परत. सहा आठवड्यांच्या मौनातला एक दिवसही तिला मिळाला नाही. एका दाराला दहा प्रश्न, आणि दिवसाला चाळीस दारं.

एकदा त्यांच्याच सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर जिन्यात भेटले. तिच्या हातातलं फॉर्मचं बाड बघून म्हणाले, "काय मॅडम, सुट्टीत टाइमपास वाटतं? बरंय तुमचं. बसून पगार घेण्यापेक्षा जरा पायपण मोकळे होतात."

चेतनाने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण फक्त एक खरखर बाहेर पडली. नंदकिशोर केव्हाच खाली उतरून गेले होते.

पंधरवड्यात आवाज जवळजवळ गेलाच. दिशाने विचारलं तेव्हा चेतनाने "सर्दी" अशी खूण केली आणि पोरीने ती खरी मानली. किरण मरोळच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करून यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. बायको बोलत नाहीये, हे त्याला जाणवलं नसेल असं नाही. पण तिचं न बोलणं म्हणजे दमणं, एवढाच अर्थ त्याने लावला, आणि दमलेलं तर घरात सगळेच होते.

रत्नप्रभाबाईंनी मात्र वेगळाच अर्थ लावला. त्या आतल्या खोलीतून हाक मारायच्या, चेतना तोंडाने ओ न देता नुसती येऊन उभी राहायची. विचारलेल्याचं उत्तर मानेने द्यायची. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर माशांची पाटी डोक्यावर घेऊन दोन मुलं वाढवलेल्या त्या बाईला सुनेचं हे मौन जिव्हारी लागलं. मानसीच्या फोनवर त्या म्हणाल्या, "माझा करूचा तिच्या जिवावर येता. तोंडातून शब्द काढणा नाय गो ती माझ्याशी."

चेतना दारातच उभी होती, हातात शेकायची पिशवी घेऊन. तिने ऐकलं. तिचे डोळे भरून आले. मग ती खाली बसली आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर ती पिशवी ठेवून शेकत राहिली.

अपघात झाला तो तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला. चेतना मोरीत चादरी धूत होती. रत्नप्रभाबाईंना लघवीला जायचं होतं. त्यांनी हाक मारली. चेतनाने ओ दिली... म्हणजे ओठ हलले, छाती भरली, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण बाहेर आली ती नुसती हवा. दुसरी हाक आली. ती साबणाचे हात तसेच घेऊन उठली. घरात कुणीच नाही असं समजून रत्नप्रभाबाईंनी एव्हाना पलंगाखाली पाय टाकला होता. चेतना दाराशी पोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या कोसळल्या.

मनगट मोडलं होतं. गुडघ्याचे टाके सुटले होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात मरोळहून धापा टाकत आलेल्या किरणला दुसरं काही सुचलंच नाही.

"घरात होतीस ना तू? मग? एक महिना, चेतना... आयुष्यात एक महिना माझ्या आईकडे बघायला सांगितलं तुला. तेवढंही झालं नाही? मग सुट्टी कशाला देतात तुम्हाला?"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. चेतनाने बोलायचा प्रयत्न केला. तिचा चेहरा लाल झाला, हात गळ्याशी गेला, आणि घशातून एक चिरका, परका ध्वनी निघाला. किरण एक पाऊल मागे सरला. असा आवाज त्याने माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तिने खांद्यावरच्या पिशवीतून मतदार नोंदणीचा एक फॉर्म काढला, तो उलटा केला आणि भिंतीवर धरून लिहिलं. फळ्यावर लिहितात तसं सुबक, गोल अक्षर होतं ते.

*मी ओ दिली होती. आवाज बाहेर आला नाही.*

आणि मग थोडं थांबून खाली, *डॉक्टरांनी एप्रिलमध्येच न बोलायला सांगितलं होतं. ऑपरेशन ठरत होतं म्हणून राहून गेलं.*

किरणने ते दोनदा वाचलं. दिशा त्याच्या खांद्यावरून वाचत होती, ती तिथेच भिंतीला टेकून रडू लागली. "मला वाटलं सर्दी आहे," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. किरणने बायकोच्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि मग त्या पेनाचं काय करावं ते न कळून तो ते मुठीत धरून उभा राहिला... बारा वर्षांच्या मुलासारखा, अपराधी.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि खुर्चीत मागे टेकले. एक गाठ फुटून रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं. "घरात बोलण्यापुरता आवाज येईल हळूहळू," ते म्हणाले. "वर्गात शिकवण्याइतका परत येईल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. वेळेवर गप्प बसला असतात तर..." चेतनाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

किरणने ते घरी येऊन आईला सांगितलं. प्लास्टरमधला हात पोटावर घेऊन रत्नप्रभाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी बऱ्या हाताने चेतनाला जवळ बसायची खूण केली.

"माका वाटला तू रुसलस," त्या म्हणाल्या. "पाटी घेऊन फिरत होतंय तेव्हा माझोपण आवाज बसायचो. चार दिस घरी बसत होतंय मी. शेजारीण माझी मासळी इकायची. तुका चार दिस कोणी दिले नाय गो... मीपण नाय दिले."

चेतना मान हलवून नाही नाही म्हणत राहिली, पण सासूबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. या खांद्यावर डोकं ठेवायची तिची ती पहिलीच वेळ. ती रडली, पण त्या रडण्यालाही आवाज नव्हता, आणि ते बघून रत्नप्रभाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा चेतनाच्या ऑपरेशनला दोन आठवडे झाले होते. तीन महिन्यांच्या वैद्यकीय रजेचा अर्ज द्यायचा होता. किरण म्हणाला, मी नेऊन देतो. रत्नप्रभाबाई अडून बसल्या. "मी जातंय हिच्याबरोबर. तिच्या वतीने मी बोलतंय. त्या हेडबाईक विचारतंय, माणसाचा असा करतत?"

बऱ्या हातात काठी घेऊन, रिक्षाने, मग शाळेच्या पाच पायऱ्या चेतनाच्या आधाराने चढून त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीशी पोचल्या. खोली रिकामी होती. मुख्याध्यापिका तांडेल मॅडम व्हरांड्यात होत्या. चौथीच्या मुलांना फळ्यावर गणित घालून त्या पहिलीच्या दारात उभ्या राहून रडणाऱ्या पोरांना गप्प करत होत्या, आणि कानाला फोन होता, त्यावर कुणीतरी कसलीशी माहिती दुपारपर्यंत मागत होतं. चेतनाला बघून त्यांनी फोन ठेवला. अर्ज वाचला. डॉक्टरांचा कागद वाचला. उभ्याउभ्याच सही केली.

रत्नप्रभाबाई सरसावल्या. "मॅडम, माझी सून..."

"मला माहितीये आई," तांडेल मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज घोगरा होता. "मीच तिला मार्चमध्ये म्हणाले होते, चेतना, तेवढी परीक्षा होऊ दे, मग घे रजा. दुसरं काय म्हणणार होते मी? बदली शिक्षक चार वेळा मागितलाय. आता तिसरीची मुलं चौथीत बसवणार, म्हणजे माझ्याच वर्गात. काल एक पालक येऊन बोलून गेले, शाळा उघडली नाही तर बाई परत सुट्टीवर कशा..." त्या थांबल्या, डोळ्यांना पदर लावला आणि पुटपुटल्या, "माफ कर गं मला."

भांडायला म्हणून एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या रत्नप्रभाबाई काठी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. घरून निघताना जुळवून ठेवलेले सगळे शब्द त्यांच्या तोंडात होते, आणि ते ज्याच्या अंगावर टाकावेत असं तिथे कुणीच नव्हतं.

तेवढ्यात मुलांनी चेतनाला पाहिलं. "बाई आल्या, बाई आल्या," करत पाच-पंचवीस पोरं व्हरांड्यात धावली आणि तिला बिलगली. कुणी साडी धरली, कुणी हात. दोन वेण्यांच्या एका मुलीने मान वर करून विचारलं, "बाई, माझे पप्पा म्हणतात तुम्हाला अजून सुट्टी आहे. तुम्ही गावाला गेलेलात?"

चेतनाने रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. सकाळपासून रिक्षावाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना तिच्या वतीने सासूबाईच उत्तरं देत होत्या. पण या वेळी त्यांनी फक्त प्लास्टरचा हात त्या मुलीच्या डोक्यावर ठेवला.

चेतना खाली वाकली. तिने त्या मुलीच्या सुटलेल्या वेणीची रिबीन बांधली, अगदी सावकाश, घट्ट गाठ मारून. तोवर तांडेल मॅडमनी टाळी वाजवली, आणि मुलं मागे वळूनवळून बघत चौथीच्या वर्गात, आधीच भरलेल्या बाकांवर, एकेका बाकावर तिघं-चौघं होऊन दाटीवाटीने बसायला निघून गेली.

परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या. रत्नप्रभाबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने सुनेचा हात धरला होता. पंतनगरचं वळण आलं तरी त्यांनी तो सोडला नाही.