संपमध्ये लपवलेला डबा

ही गोष्ट खरी आहे, एवढं म्हटलं म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही हसले असते. पण ती माझ्याच बाबतीत घडली आणि मी काही पालीला घाबरून किंचाळणारी बाई नाही.

साल १९९८. डिसेंबरमधला शनिवार. जागा बंगलोरजवळचं देवनहळ्ळी.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. स्वच्छ ऊन पडलेली दुपार होती.

म्हणूनच मला अजून राग येतो.

मी सुचेता. तेव्हा आम्ही पुण्याहून नुकतेच बंगलोरला आलो होतो. नवरा श्रीरंग सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा मित्र शंतनु कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला जाऊन आला आणि येताना एक खूळ घेऊन आला. तिकडे म्हणे लोक माळरानावर डबे लपवतात आणि दुसरे लोक ते शोधतात.

आम्ही तेच सुरू केलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात बारीकसारीक वस्तू टाकायच्या आणि गावात कुठेतरी लपवायचा. रविवारी पोहे खाताना सगळ्यांना कोडं वाचून दाखवायचं. त्यावरून बाकीच्यांनी शोधायचं.

नियम दोनच. डब्यातली एक वस्तू घ्यायची, त्या बदल्यात आपली एक ठेवायची. आणि ज्याला डबा सापडेल, त्याने पुढचा डबा लपवायचा.

माझ्या जागा सगळ्यांत भारी असायच्या. उगीच नम्रपणा कशाला? एकदा मी चिकपेटमध्ये कापडाच्या दुकानाच्या फळीमागे डबा ठेवला होता, तर शंतनु तिथे तीन वेळा जाऊन बायकोला साड्या घेऊन आला. डबा काही सापडला नाही.

देवनहळ्ळीचा किल्ला बघायला गेलो होतो तेव्हाच मी ती जागा हेरली होती. गावाबाहेर शेतात प्लॉट पाडले होते आणि एकच घर अर्धवट बांधून सोडून दिलेलं होतं. पुढच्या अंगणात संप होता. संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. बंगलोरकडे प्रत्येक घराला असतो. हा कोरडा होता. आत उतरायला भिंतीत लोखंडी पायऱ्या होत्या.

टाकीच्या तळाशी डबा. कुणाच्या डोक्यात येणार?

जाताना श्रीरंगने विचारलं, "कुठे निघालीस?"

"चिकपेटला. साडी बघायला."

"म्हणजे चिकपेट सोडून कुठेही."

"किंवा चिकपेटलाच," मी म्हटलं.

आम्ही एकमेकांना असं चकवायचोच. त्यातच मजा होती. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून देवनहळ्ळीची बस धरली, तेव्हा मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. कोडं लिहिलेला कागद माझ्याच पर्समध्ये होता.

संपचं झाकण उघडून मी मागच्या विटांना टेकवलं. पर्स आणि टॉर्च वरच ठेवली. भरपूर उजेड होता. डबा ओढणीत बांधला आणि खाली उतरले.

कोपऱ्यात डबा ठेवला. मागे सरून बघितलं. मस्त दिसत होता.

आणि...

झाकण पडलं.

वारा नव्हता. धक्का लागला नव्हता. धाडकन आवाज झाला आणि काळोख. पाठोपाठ वर कडी सरकल्याचा आवाज आला.

पहिल्यांदा मी हसले, खरंच. वाटलं, शंतनु माझ्या मागावर आला असणार.

"शंतनु, पुरे. उघड."

काहीच नाही.

पायऱ्या चढून मी झाकणाला खांदा लावला. जरासुद्धा हललं नाही. मग ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. माझाच आवाज चारी भिंतींवर आपटून माझ्या अंगावर येत होता.

मग मी खाली बसले आणि हळूहळू सगळं लक्षात यायला लागलं. घर बंद. काम बंद. रस्ता लांब. श्रीरंग संध्याकाळी काळजीत पडेल आणि मला शोधायला चिकपेटला जाईल. पोलिसांना सांगेल, तेही चिकपेटच सांगेल. कुणी इकडे फिरकणार नव्हतं. ना उद्या, ना परवा.

मी रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे...

किती वेळ गेला माहीत नाही. झाकणाच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ पिवळी झाली होती.

आणि तेव्हा आवाज आला.

टक... टक...

भिंतीतून.

मी भिंतीला कान लावला. मग बोटाच्या पेराने भिंतीवर वाजवलं. टक टक टक.

पलीकडून उत्तर आलं. टक... टक... टक...

काय आनंद झाला म्हणून सांगू! काही संपांना दोन कप्पे असतात, हे मी जयनगरच्या आमच्या घरमालकीणबाईंकडून ऐकलं होतं. पलीकडच्या कप्प्यात कुणीतरी होतं. गवंडी असेल, मजूर असेल, कुणी का असेना.

"कोण आहे? मी अडकलेय. झाकण उघडा."

उत्तर नाही.

हिंदीत विचारलं. येत होतं तेवढ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं. उत्तर नाही.

भिंत चाचपडत गेले तर हाताला एक भोक लागलं. गोल, पाइपसाठी ठेवतात तसं. माझी मूठ जेमतेम गेली असती. त्यातून गार हवा येत होती. तोंड जवळ नेलं आणि पुन्हा हाक मारली.

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. अगदी जवळ. माझ्या तोंडासमोरच.

मी मागे सरकले.

तेव्हा शिट्टी आठवली. डब्यात मी लाल दोऱ्याची एक शिट्टी टाकली होती. शिट्टीचा आवाज लांब जातो. एवढा वेळ सुचलं कसं नाही? मी कोपऱ्यात हात घातला.

डबा नव्हता.

चारही कोपरे चाचपले. सगळा तळ हाताने पुसून काढला. डबा नव्हता.

आणि मग भोकाच्या पलीकडून आवाज आला...

पत्र्याचं घट्ट झाकण उघडण्याचा.

तो आवाज मी डोळे मिटून ओळखते. त्या डब्याचं झाकण एका बाजूने अडकायचं, मग टण्‌ करून निघायचं. तसंच निघालं.

पण डबा ताटाएवढा होता आणि भोक मुठीएवढं.

पलीकडे कुणीतरी एकेक वस्तू काढून सिमेंटवर ठेवत होतं. सावकाश. किल्लीचा छल्ला वाजला. काचेची गोटी घरंगळत गेली. मग सगळं शांत झालं. मी तोंडावर ओढणी दाबून बसले होते.

आणि शिट्टी वाजली.

आधी हळू, कुणीतरी फुंकून बघावं तशी. मग मोठ्याने. मग थांबेचना. त्या बंद जागेत माझ्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली. मी कान दाबून धरले आणि ओरडत राहिले की थांबव, थांबव.

शिट्टी थांबली तेव्हा वरची कडी निघत होती.

झाकण उघडलं. संध्याकाळचं आभाळ आणि एक म्हातारा चेहरा. शेजारच्या द्राक्षांच्या मळ्याचा राखणदार, शिवाप्पा. त्याने हात दिला आणि मला वर ओढलं. तो कन्नडमध्ये बोलत होता, थोडं हिंदीत.

"अक्का, शिट्टी ऐकून आलो. वाजवत राहिलात हे बरं केलंत."

मी वाकून खाली बघितलं. आता आत उजेड पडला होता. चारही भिंती गुळगुळीत. नवा गिलावा. भोक नव्हतं. डबा नव्हता. तळाच्या धुळीत फक्त माझ्या पावलांचे आणि हातांचे ठसे होते.

"दुसरा कप्पा कुठे आहे?" मी विचारलं.

"दुसरा?" शिवाप्पाने मान हलवली. "एकच आहे. मागे सगळा दगड. सुरुंग लावून खणलाय."

मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून त्याने विचारलं, "शिट्टी खाली राहिली का?"

मी पर्स उचलली आणि रस्त्याकडे चालायला लागले.

घरी पोहोचले तर श्रीरंग नुकताच चिकपेट पालथं घालून आला होता. त्याने मला घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो आणि शंतनु टॉर्च घेऊन तिकडे जाऊन आले. त्यांनाही काही मिळालं नाही. मला हसवायला शंतनु म्हणाला, "सापडला असेल कुणाला तरी. आता पुढचा डबा त्याने लपवायचा."

मला हसू आलं नाही. आमचा खेळ तिथेच बंद पडला.

उन्हाळ्यात जयनगरच्या घरी नळाला घाण पाणी यायला लागलं. घरमालकीणबाईंनी, भाग्यलक्ष्मी अक्कांनी, संप उपसून साफ करायला माणूस बोलावला. त्या बंगलोरच्याच जुन्या मराठी, बोलण्यात अधूनमधून कन्नड शब्द. थोड्या वेळाने खालून त्यांची हाक आली.

"सुचेता, स्वल्प खाली ये ग. संपमधनं तुझा डबा निघाला बघ. तुझं नाव आहे ह्यावर."

झाकणावर निळ्या रंगाने मीच लिहिलेलं नाव.

एवढे महिने पाण्यात असूनही कुठे गंज नव्हता. मी झाकण उघडलं. एका बाजूने अडकलं, मग टण्‌ करून निघालं. आत सगळं कोरडं होतं. छल्ला होता, गोटी होती. शिट्टी नव्हती.

शिट्टीच्या बदल्यात एक वस्तू ठेवलेली होती.

सिमेंटचा गोल तुकडा. मुठीएवढा. भोक बुजवायच्या बोळ्यासारखा.

तेवढ्यात संपमधून साफ करणाऱ्याचं डोकं वर आलं. "अक्का, आत भिंतीला एक भोक आहे. सिमेंट लावून घ्या."

भाग्यलक्ष्मी अक्का म्हणाल्या, "सरी, सरी, लावू." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय ग, बरं नाही का?"

आम्ही ते घर सोडलं. त्यानंतर आणखी दोन घरं बदलली. श्रीरंगची नोकरी इथलीच, त्यामुळे बंगलोर काही सुटलं नाही. आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पण संप या इमारतीखालीही आहे.

संध्याकाळी पंप बंद झाला की कधीकधी खालून एक बारीक शिट्टी येते. श्रीरंग म्हणतो, पाइपमधली हवा आहे. असेलही.

त्या शिट्टीमुळे मी वाचले, हे मी विसरलेले नाही. पलीकडे जे कुणी होतं त्याने मला बाहेर काढायला ती वाजवली की आणखी कशासाठी, एवढंच मला कळत नाही.

डबा माळ्यावर आहे. टाकून देण्याची हिंमत झाली नाही. त्याने लपवला, मला सापडला. आमच्या नियमाप्रमाणे आता पुढचा डबा मी लपवायचा आहे.

मी लपवत नाही. आणि खाली ते वाट बघतंय.