खोबरेलातलं रान

चित्राच्या डाव्या कोपऱ्यातल्या पानावरचा हिरवा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा, तेराव्या दिवशीही ओला होता. मी करंगळी टेकवली. रंग बोटाला आला.

"वाळलं का?" हरेश्वरांनी मागून विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले.

ते खरं होतं... पण पूर्ण खरं नव्हतं.

आमची ओळख चपलांमुळे झाली. बोर्लीजवळच्या देवराईत कुणी चपला घालून जात नाही, आणि तिथलं वाळकं पानही कुणी बाहेर आणत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मुंबईहून घरी आल्यापासून मी तिथे सकाळी नेचे मोजायला जात असे. एकदा रानाच्या कडेला पुरुषाच्या चपला दिसल्या. एकीवर हिरवा थेंब. मी वाकून पाहत होते...

"डावीचा अंगठा तुटलाय," झाडांतून आवाज आला. "न्यायची असेल तर विचार करून न्या."

"मी फक्त रंग पाहत होते."

"मग आत या — इथे बराच आहे."

हरेश्वर मुरुडच्या शाळेत चित्रकला शिकवत. आजवर पाण्याचे रंग वापरलेले. तैलरंगातलं हे पहिलंच रान, मुंबईच्या प्रदर्शनासाठी. दिघीहून येताना बैलगाडीत त्यांची तेलाची बाटली फुटली. ज्या बायजाकडे ते उतरले होते, तिने स्वयंपाकघरातली बाटली पुढे केली. त्यांना वाटलं, तेल ते तेल.

चित्र पुरं झालं त्या दिवशी मी जवळ गेले, तर वडाच्या पारंब्यांना खोबरेलाचा वास! अळशीचं तेल हवेत घट्ट होतं. खोबरेल कधीच होत नाही. सांगायला मी तोंड उघडलं — तेवढ्यात ते म्हणाले, "हे वाळलं की मी निघालो."

मी तोंड मिटलं.

मग रोज आम्ही चित्र वाळण्याची वाट पाहू लागलो. ते झाडांची नावं विचारत, मी सांगे, आणि दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम विसरत.

"मास्तर," बायजा म्हणाली, "चित्र सुकाया दोघांनी बघत बसाया लागतं व्हय?"

"एकाने डोळा मिटला तर दुसरा असावा," ते म्हणाले. माझे कान तापले.

घरी पुण्याच्या डॉक्टरचं स्थळ दिवाळीपासून अडून होतं. आबा रोज विचारत, "नलू, काय कळवू?" मी रोज म्हणे, "विचार करतेय."

चौदाव्या सकाळी हरेश्वर कागद घेऊन बसले होते.

"प्रदर्शनाला नकार कळवतोय. दहा दिवसांत चित्र पोचायला हवं. तैलरंगात हात नाही माझा."

ते इतक्या साधेपणाने म्हणाले, की मी तेलाची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"हात चांगला आहे," मी म्हणाले. "तेल चुकलंय. टर्पेंटाइनने सगळं पुसून काढा. वाण्याकडे अळशीचं तेल मिळेल. पुन्हा रंगवा, पण पातळ. आठवड्यात वाळेल."

त्यांनी बाटली हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चित्र झालं तेव्हापासून."

"आणि मी रोज विचारत होतो!"

"मी रोज खरं सांगत होते. ओलंच होतं."

"नलूताई —"

"ताई नको." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "वाळलं असतं, तर तुम्ही गेला असता..."

ते हसले नाहीत. हातातला कागद त्यांनी हळूच दुमडला.

"आता तर जावंच लागेल," ते म्हणाले. "आठवड्यानं."

"जा. पण आज संध्याकाळी घरी या. आबा पडवीत असतील."

"काय म्हणून येऊ?"

वर पानांत हरियाल पक्षी फडफडले.

"पुण्याला नकार कळवा, असं मी त्यांना सांगणार आहे. मला तुमच्याशी लग्न करायचंय."