न वाढलेलं पान

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे इकडच्या आखाजीच्या सकाळी वडनेर भोलजीच्या सरस्वतीबाई पुरण वाटत होत्या, तेव्हा त्यांना एकच घोर होता. यंदा आंबे आंबट निघाले होते आणि दीपकला आंबट रस चालत नसे. दीपकला जाऊन वर्षं लोटली होती. पण आई ती आई. गेलेल्या लेकासाठीही रसात गूळ जरा जास्तच पडायचा.

घरची रीत अशी, की गेलेल्याच्या नावानं एकाला उपाशीपोटी जेवायला बोलवायचं. त्याला पितर म्हणायचं, पाटावर बसवायचं, पोटभर वाढायचं. तो जेवला की गेलेला जेवला आणि वर्षभरासाठी सुखानं परत गेला. पान वाढल्याशिवाय पितर दारातून हलत नाही, असं सरस्वतीबाईंची सासू सांगायची. दीपकच्या नावानं त्याचा दोस्त हिंमतराव दर वर्षी येई.

यंदाही तो येऊन पाटावर बसला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून पुष्पांजलीनं हाक मारली. माहेरी बाळंत झालेली लेक ती. अंगाखालचं अंथरूण रक्तानं भिजलं होतं. जावई सुरतेला कामावर. सरस्वतीबाईंनी बाळ शेजारच्या कौशल्याबाईंच्या ओटीत घातलं, पुरण तसंच टाकलं आणि नवऱ्याला, उकंडरावांना, घेऊन मलकापूरचा दवाखाना गाठला.

दुपारी डॉक्टर अनुपमा बाहेर आल्या.

"हिचं रक्त तपासणीत ओ दिसतं, पण कुठलंही ओ रक्त हिच्याशी जुळत नाही. याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. फार थोड्यांचा असतो, आणि त्यांना त्याच गटाचं रक्त लागतं."

"आमी त कधी मुंबई पाह्यली नाही, मॅडम," उकंडराव म्हणाले. भांबावलेला माणूस असंच काहीतरी बोलतो.

"नाव तेवढं मुंबईचं. तुमचं लग्न नात्यातलं का?"

"हाव. मामाचीच पोरगी केली म्या."

"मग घरात अजून कोणाचं असू शकतं. तुम्हा दोघांचं जुळलं नाही. हिला सख्खं भावंड?"

"एक भाऊ होता," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मेला."

आणि बोलता बोलताच त्यांना सगळं आठवलं. दीपक मोटारसायकलवरून पडला, तेव्हा जखम जिवावरची नव्हतीच. कुठल्याशा दवाखान्यात घाईघाईत ओ गटाची पिशवी लावली आणि धडधाकट पोराला हुडहुडी भरली. 'माय, कंबर तुटून राह्यली व,' म्हणत तो गेला. लोकांनी नशिबाला बोल लावला. आज कळलं, की पोराला परकं रक्त घेऊन गेलं.

डॉक्टर फोनवर फोन लावत होत्या. कुठूनच होकार येईना. खाटेवर पुष्पांजलीचे ओठ पांढरे पडत चालले होते.

मग रक्त घेण्याच्या खोलीतला ज्ञानेश्वर लगबगीनं आला. "काकू, घाबरू नका. जुळलं. हिचा भाऊ आला होता ना."

"कोणता भाऊ?"

"मले त तेवढंच म्हणला… मी पुष्पीचा भाऊ. हात लय थंडे होते त्याचे. उपाशी माणसाचं रक्त आमी घेत नाही, म्हणून इचारलं, जेवून आले का? त म्हणे, पाटावर बसलो होतो, कोणी वाढलंच नाही." ज्ञानेश्वर हसला. "बिस्कीटचा पुडा देल्ला. त्यानं नुसता नाकाशी धरला अन् ठेवून देल्ला. मी नाहीच म्हणत होतो. त्यानंच बाही वर केली."

सरस्वतीबाई त्या खोलीत धावल्या. खुर्ची रिकामी होती. पुडा तसाच, न फोडलेला.

"चुलतभाऊ असन," उकंडराव मागून म्हणाले. "बीबी गावचा प्रज्वल असन." स्वतःलाच समजावल्यासारखं त्यांनी ते दोनदा म्हटलं.

पिशवी लावली. सरस्वतीबाई लेकीचा हात धरून हुडहुडीची वाट पाहत बसल्या. हुडहुडी आली नाही. उन्हं कलता कलता ओठांवर रंग आला आणि पुष्पांजलीनं विचारलं, "माय, बाळ कुठी हाये?" तेव्हा कुठं सरस्वतीबाईंना रडू फुटलं. त्यात आनंद होता, भीतीही होती.

"आजचं निभावलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण उद्या सकाळी आणखी एक पिशवी लागेलच. त्याशिवाय मी भरवसा देत नाही."

ज्ञानेश्वरनं मान खाजवली. "एकदा रक्त देल्लं की तीन महिने पुन्हा घेत नाही आमी. पण जातांनी थो म्हणे… लागलं त उद्या बी येतो. मले काय होते."

तिन्हीसांजेला घरून हिंमतरावाचा फोन आला.

"काकू, मी सकाळपासून उपाशीच हाओ. दीपकचं पान हाये, उपास मोडवत नाही. कौशल्याबाईनं सैपाक पुरा केला. दिवस बुडून राह्यला… वाढू देऊ तिले?"

दाराच्या फटीतून पुष्पांजली दिसत होती. पान वाढलं की तो जेवेल. जेवला की जाईल, वर्षभरासाठी. मग उद्याची पिशवी, सरस्वतीबाईंच्या मनात आलं, कुठून यायची?

"नको," त्या म्हणाल्या. "आज नको वाढू देऊ, बापू."

"मंग दीपक उपाशी राहीन ना, काकू."

"राहू दे… तू तुह्या घरी जेव. पण त्याचं पान… नको."

उकंडराव चहा आणायला खाली गेले होते. फिनेलचा वास भरलेल्या त्या व्हरांड्यात सरस्वतीबाई बाकावर एकट्याच बसून राहिल्या. जन्मात त्यांनी लेकराला उपाशी ठेवलं नव्हतं. आज ठेवलं होतं, तेही लेकरासाठीच.

शेजारून, अगदी त्यांच्या कोपराजवळून, भुकेनं पोट गुरगुरल्याचा आवाज आला.

बाकावर दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी पदर तोंडात धरला आणि थोडं सरकून जागा करून दिली. काही वेळानं तो आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा.